सोवळी कोलंबी, सोशिक कोलंबी

कोलंबी आवडत नाही असा मत्स्याहारी मनुष्य माझ्या पाहण्यात नाही. बोंबलावरून घराघरांत तट पडतात, सुक्या बांगड्याच्या वासावरून शेजाऱ्यांशी अबोला धरला जातो. पण कोलंबीचे कालवण रटरटू लागले की सारे पक्ष एक होतात. शाकाहारी वाचकांनी मात्र एवढ्यावरून पान उलटू नये. कोलंबी शिजवावी कशी, हे मी सांगणार नाही. तिचे कूळ कसे ओळखावे, तिची प्रकृती कशी जपावी आणि तिचे लग्न कोणाशी लावावे, हा माझा विषय आहे. आणि कूळ, प्रकृती व लग्न ह्या तीन गोष्टींत रस नसलेले मराठी कुटुंब अजून जन्माला यायचे आहे!

मी छत्तीस वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले. आमचे विद्यार्थी कोलंबीची एकोणीस जोड्या उपांगे चिमट्याने सोडवून जाड कागदावर ओळीने मांडत, आणि त्या वासाने पलीकडच्या वर्गावरचे गणिताचे प्राध्यापक नाक मुरडत. कोलंबीशी माझा संबंध एवढाच. त्या कागदावर न मांडता येणाऱ्या गोष्टींचा विचार करण्याची वेळ माझ्यावर आणली ती आमच्या मेहुण्यांनी.

पाच दिवसांचा खेळ

मेहुण्यांची रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी खाजणाची जमीन होती. भात धड पिकत नव्हते, बांध दरवर्षी फुटत होता. १९९० नंतरच्या त्या वर्षांत कोलंबीशेतीचे मोठे वारे सुटले होते. टायगर कोलंबीला जपान-अमेरिकेत सोन्याचा भाव होता. शहरांत कोलंबीशेतीच्या कंपन्यांचे शेअर लोक रांगा लावून घेत होते, आणि किनाऱ्यावर खाजणांची तळी होत होती. मेहुण्यांनीही दोन तळी खणली. पूर्व किनाऱ्यावरच्या एका बीजोत्पादन केंद्रातून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून बीज आणले. पापणीच्या केसाएवढे ते जीव पाहून आमच्या सौभाग्यवतींनी भावाला विचारले होते, “अरे, ह्यांतून आमटीपुरती तरी निघेल का?”

पहिले पीक निघाले, आणि चांगले निघाले. दुसऱ्या खेपेला, १९९५ साली, पन्नासाव्या दिवशी चार-सहा कोलंब्या काठाशी मलूल पडलेल्या दिसल्या. अंगावर तांबूस झाक, आणि पाठीचे कवच उचलून उजेडात धरले तर त्यावर खडूच्या चुऱ्यासारखे पांढरे ठिपके. दुसऱ्या दिवशी तळ्यावर बगळे जमले. पाचव्या दिवशी तळ्यात जिवंत काही उरले नव्हते. कर्ज मात्र जिवंत होते.

मेहुणे मला म्हणाले, “भावोजी, तुम्ही एवढी पुस्तके वाचलीत. मला एकच सांगा. बीज आणले तेव्हा ते टुणटुणीत होते. परातीत पाणी फिरवून पाहिले, तर प्रवाहाविरुद्ध पोहत होते. मग हा रोग आला कुठून?”

ह्या एका प्रश्नाचा पाठपुरावा जगभरच्या शास्त्रज्ञांनी केला. त्याचे उत्तर शोधताना कोलंबीशेतीचे स्वरूपच पालटले.

समुद्रातून आणलेली आई

गाय, बैल, कोंबडी ही आपली घरची जनावरे. त्यांच्या शेकडो पिढ्या माणसाच्या दारात गेल्या. टायगर कोलंबीचे तसे नव्हते. जपानमध्ये मोतोसाकु फुजिनागा ह्यांनी १९३० नंतरच्या दशकात कुरुमा जातीच्या कोलंबीची अंडी बंदिस्त पाण्यात मिळवून पिल्ले वाढवून दाखवली, तेव्हापासून बीज तयार करण्याची विद्या माणसाला आली. परंतु टायगर कोलंबीची आई मात्र दर वेळी समुद्रातूनच पकडून आणावी लागे. बंदिवासात तिची अंडी पिकत नाहीत. त्यावर तोड म्हणून तिच्या एका डोळ्याचा देठ कापतात. अंडी पिकू न देणारे संप्रेरक त्या देठात तयार होते. देठ गेला की आडकाठी निम्मी होते आणि मादी काही दिवसांत अंडी घालते, तीही लाखांनी. उपाय क्रूर खरा, पण साऱ्या धंद्याचा पाया त्यावरच उभा होता.

ह्या समुद्रातून आणलेल्या आईच्या अंगात काय दडले आहे, हे कोणास ठाऊक? ती दिसायला धडधाकट असे. तिच्या अंगातला विषाणू निवांत बसलेला असे. अंड्यांबरोबर तो पिल्लांत जाई, आणि तळ्यात पाऊस पडून पाण्याचा खारेपणा एकदम उतरला, की डोके वर काढी. पांढऱ्या ठिपक्यांचा हा रोग १९९२ च्या सुमारास चीन-तैवानकडे प्रथम दिसला. १९९३ मध्ये चीनचे कोलंबीचे उत्पादन आदल्या वर्षाच्या निम्म्याहूनही खाली घसरले. १९९४ च्या अखेरीस तो आपल्या पूर्व किनाऱ्यावर आला. आणि तिथून बिजाच्या पिशव्या देशभर जात होत्या!

म्हणजे मेहुण्यांच्या प्रश्नाचे उत्तर असे होते की, रोग बहुधा त्या टुणटुणीत बिजातूनच आला होता. पण बिजाकडे पाहून तो ओळखणार कसा?

एकाचे शंभर कोटी

इथे रेणूंच्या पातळीवरचे जीवशास्त्र मदतीला आले. २०२० साली आपण सर्वांनी नाकात काडी घालून घेतली होती. त्या चाचणीचे नाव लहान मुलांनाही पाठ झाले होते. तीच पीसीआर कोलंबीच्या कामी त्याच्या पंचवीस वर्षे आधी लागली होती.

तिची युक्ती अशी. विषाणूचा डीएनए म्हणजे एक लांबलचक मजकूर. पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूत सुमारे तीन लाख अक्षरजोड्यांचा मजकूर आहे. तो २००१ मध्ये संपूर्ण वाचून झाला. त्यातली दुसरीकडे कुठेही न आढळणारी एक ओळ निवडायची. बीज वाटून त्याच्या अर्कात ती ओळ शोधायची. पण एखाद-दुसरी प्रत असली तर ती दिसणार कशी? म्हणून तिच्या नकला काढायच्या. अर्क सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवला की डीएनएचे दोन पदर सुटतात. थंड केला की त्या ओळीच्या दोन टोकांना आपण घातलेले छोटे तुकडे चिकटतात. मग ७२ अंशांवर एक विकर प्रत्येक पदराची जोडी पुरी करते. एकाच्या दोन प्रती झाल्या. पुन्हा तापवा, पुन्हा थंड करा. दोनाच्या चार, चाराच्या आठ. बुद्धिबळाच्या पटावर तांदळाचे दाणे दुप्पट करीत जाण्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. तीस फेऱ्यांनंतर एका प्रतीच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होतात, त्याही दोन-तीन तासांत. ओळ नसेल तर काहीच होत नाही.

ही कल्पना अमेरिकेतल्या कॅरी मुलिस ह्यांना १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एवढ्या आचेवर न करपणारे विकर मिळाले ते अमेरिकेतल्याच यलोस्टोनच्या उन्हाळ्यांत, म्हणजे उकळत्या झऱ्यांत राहणाऱ्या एका जिवाणूपासून. कुठला डोंगरातला झरा आणि कुठले रत्नागिरीचे खाजण! ज्ञानाची नाती अशी दूरवर जुळलेली असतात.

पुढे काही वर्षांनी मेहुण्यांबरोबर मी पूर्व किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेत गेलो होतो. यंत्र पाहून माझी निराशाच झाली. टंकलेखन यंत्राएवढी एक पेटी, तीत बोटाच्या पेराएवढ्या नळ्या. मी तिथल्या तरुण मुलीला विचारले, “एका टाकीत लाखो पिल्ले. तुम्ही किती तपासता?”

“दीडशे, सर.”

“शितावरून भाताची परीक्षा!” मी म्हटले.

ती हसली आणि तिने मला चांगलाच धडा दिला. भाताचे सगळे शीत एकाच आचेवर शिजते, म्हणून एका शितावरून परीक्षा होते. रोगाचे तसे नसते. शंभरांत दोनच पिल्लांना लागण असेल, तर पाच-दहा पिल्ले तपासून ती सापडण्याचा संभव थोडा. गणित मांडले तर दीडशे पिल्ले तपासली म्हणजे शंभरांतून पंच्याण्णव वेळा रोग हाती लागतो. उरलेल्या पाच वेळा तो निसटतो. “म्हणून आम्ही ‘रोग नाही’ असे लिहीत नाही,” ती म्हणाली, “‘आढळला नाही’ असे लिहितो.” छत्तीस वर्षांत विद्यार्थ्यांना मी हा भेद इतक्या सोप्या शब्दांत सांगितला असेन, असे मला वाटत नाही.

ह्या चाचणीचा उपयोग मारक रोगांपुरताच नाही. ईएचपी नावाचा एक सूक्ष्म परजीवी आहे. त्याला २००९ मध्ये थायलंडमध्ये नाव मिळाले आणि पुढे तो आपल्याकडेही पसरला. तो कोलंबीला मारीत नाही, फक्त वाढू देत नाही. चार महिने खाद्य घालावे आणि कोलंबी हाताच्या बोटाएवढीही होऊ नये! डोळ्यांना ह्यात रोग असा काही दिसतच नाही. तोही पीसीआरच्या नळीत पकडता येतो.

सोवळ्यातली राणी

पण बीज तपासून टाकून देणे म्हणजे चोर घरात शिरल्यावर दिवा लावणे. आईच मुळात निरोगी असली तर?

डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या पैदाशीत ही कल्पना आधीच रुळली होती. १९८९ च्या सुमारास हवाई बेटांवरच्या ओशनिक इन्स्टिट्यूटमध्ये ती कोलंबीला लावली गेली. त्यासाठी निवडली ती टायगर नव्हे, तर दक्षिण व मध्य अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरची पांढुरकी व्हनामी. ही बंदिवासात पिढ्यान् पिढ्या नांदते. तपासून, वेगळी ठेवून, पुन्हा तपासून, ठरावीक रोगांपासून मुक्त असलेल्या कोलंब्यांचे वंश त्यांनी तयार केले.

त्यांचे सोवळे काय वर्णावे! असे एक केंद्र मी आत जाऊन पाहिले आहे. दारात पाय बुडवण्याचे जंतुनाशक, हातांना वेगळे, अंगावर तिथलाच डगला. पाणी गाळून, क्लोरीन घालून, पुन्हा गाळून घेतलेले. एका खोलीतली बादली दुसऱ्या खोलीत न्यायची नाही. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात लहानपणी मी जे नियम पाहिले, त्यांपेक्षा हे रतिभरही कमी नव्हते. फरक एवढाच की, इथल्या विटाळाला यंत्रात पुरावा सापडत होता.

आपल्या सरकारने २००९ मध्ये ह्या सोवळ्या व्हनामीला देशात यायची परवानगी दिली. चेन्नईजवळ नीलांकरै येथे खास विलगीकरण केंद्र झाले. परदेशातून विमानाने येणारी प्रत्येक आई तिथे थांबते, तिची तपासणी होते आणि मगच ती बीजोत्पादन केंद्राच्या दारी जाते. ह्याचा परिणाम डोळे दिपवणारा झाला. २०२२-२३ ह्या एका वर्षात भारताने सात लाख टनांहून अधिक गोठवलेली कोळंबी परदेशी पाठवली आणि तिचे मोल त्रेचाळीस हजार कोटी रुपयांवर गेले. मेहुण्यांनीही पुन्हा तळी भरली.

आणि २०१३ च्या पावसाळ्यापूर्वी पांढरे ठिपके पुन्हा आले.

बीज स्वच्छ होते. दाखला स्वच्छ होता. वरच्या अंगाच्या एका तळ्यात रोग पडला होता, आणि त्या मालकाने कोणालाही न सांगता रातोरात पाणी खाडीत सोडले. भरतीबरोबर ते मेहुण्यांच्या मोटारपंपात आले. खेकडे बांधावरून ये-जा करीत होते ते निराळेच. खेकडा हा विषाणू अंगावर बाळगतो आणि स्वतः खुशाल फिरतो. सोवळ्यातली राणी चार दिवसांत आटोपली.

इथेच साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे. रोग नसणे ही एक गोष्ट आणि रोगाला पुरून उरणे ही दुसरी. काचेच्या कपाटात वाढलेले मूल निरोगी असते, पण म्हणून ते पावसात भिजल्यावर आजारी पडणार नाही असे नाही. सोवळे हे कोलंबीच्या भोवतीचे कुंपण आहे. सोशिकपणा तिच्या रक्तात असावा लागतो.

इक्वेडोरची वेगळी वाट

सोशिक कोलंबीची कथा ऐकायला आपल्याला दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशात जावे लागेल. तिथे १९९२ मध्ये ताउरा नदीच्या मुखाजवळच्या तळ्यांत कोलंबी मरू लागली. दोष गेला केळीच्या बागांवर. केळीवरच्या बुरशीसाठी फवारलेली औषधे वाहून तळ्यांत येतात, असा बोभाटा झाला आणि प्रकरण कोर्टकचेरीपर्यंत गेले. १९९५ मध्ये सिद्ध झाले की गुन्हेगार एक विषाणूच होता. नदीचे नाव मात्र रोगाला कायमचे चिकटले.

ताउरा रोगाच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात आली. सगळी कुटुंबे सारखी मरत नव्हती. काही मायबापांची पोरे जास्त टिकत होती. टिकणाऱ्यांना निवडून त्यांची पैदास करीत गेल्यावर अवघ्या काही पिढ्यांत जगण्याचे प्रमाण पुष्कळ वाढले.

मग १९९९ मध्ये पांढरे ठिपके इक्वेडोरला पोहोचले. उत्पादन एका वर्षात कोसळले. तिथल्या बागायतदारांनी आशियाच्या उलट वाट धरली. रोग येऊन गेलेल्या तळ्यांत जे जीव वाचले, त्यांनाच त्यांनी पुढच्या पिढीचे आईबाप केले. तळ्यांत दाटी कमी ठेवली. पहिली वर्षे हलाखीची गेली, कोलंबी सावकाश वाढली. पण पिढ्यांमागून पिढ्या चाळण लागत गेली. २०२२ मध्ये ह्या लहानशा देशाने दहा लाख टनांहून अधिक कोलंबी निर्यात केली. जगात त्याचा पहिला क्रमांक लागला.

मग आपणही तसेच का करू नये? मेहुण्यांचा हाच प्रश्न होता. पण त्यात एक गोम आहे. वाचलेली कोलंबी सोशिक असेल, किंवा नुसती नशीबवान. आणि बहुधा विषाणूही अंगात घेऊन वाचलेली असेल. तिच्या पिल्लांना वारसा म्हणून सोशिकपणा मिळेल की रोग, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.

भावंडांची परीक्षा

ह्या पेचातून रेणूविज्ञानाने काढलेली वाट मला फार मनोवेधक वाटते. एका जोडप्याची पिल्ले दोन भागांत वाटतात. अर्धी सोवळ्यातच राहतात. अर्धी दूरच्या बंद प्रयोगशाळेत नेऊन मुद्दाम रोगाच्या तोंडी देतात. कोण किती दिवस जगले, ह्याची नोंद होते. ज्या कुटुंबातली भावंडे रोगाशी झुंजून टिकली, त्या कुटुंबातल्या सोवळ्यात राहिलेल्या भावंडांना आईबाप म्हणून निवडतात. एका भावाने मरून दुसऱ्याचे कूळ सांगायचे! अशा रीतीने निरोगीही राहायचे आणि सोशिकही व्हायचे, ही दोन्ही सूत्रे एकत्र गुंफता येतात.

पण कूळ लिहून ठेवायचे कुठे? गाईच्या कानाला बिल्ला लावता येतो. कोलंबी वरचेवर कात टाकते. बाहेर लावलेले काहीही कातीबरोबर जाते. म्हणून आधी कातडीखाली रंगीत द्रव्याचे ठिपके टोचत, आणि त्यासाठी प्रत्येक कुटुंब मोठे होईपर्यंत वेगळ्या टाकीत ठेवावे लागे. आता पोहण्याच्या एका पायाचा नखाएवढा तुकडा पुरतो. त्यातला डीएनए वाचला की आई कोण, बाप कोण, हे लग्नाच्या याद्यांपेक्षा खात्रीने कळते. तुटलेला पाय पुन्हा उगवतो. शंभर कुटुंबे एकाच तळ्यात एकाच पाण्यावर वाढवावीत आणि शेवटी नावे विचारावीत!

सगोत्र विवाह टाळण्यासाठीही हाच दाखला लागतो. मादी लाखांनी अंडी घालते, त्यामुळे दोन-चार माद्यांवर सारे केंद्र चालवण्याचा मोह होतो. मग पुढल्या पिढीत भावाबहिणींचीच लग्ने लागतात. वाढ खुंटते, अंडी कमी उबतात, रोगाला बळी पडण्याचे प्रमाण वाढते. आपल्या पूर्वजांनी गोत्रे पाहिली, ती अशा अर्थी उगीच नव्हे.

ह्याच्याही पुढची पायरी आता आली आहे. सख्खी भावंडेही सारखी नसतात, हे आपण आपल्याच घरी पाहतो. कुटुंब चांगले ठरले, तरी त्यातला नेमका कोण घ्यावा? डीएनएमधल्या हजारो ठिकाणी माणसामाणसांत असतात तसे एकेका अक्षराचे फरक कोलंबीतही असतात. प्रयोगात जगलेल्या आणि मेलेल्या कोलंब्यांची ही अक्षरे ताडून पाहिली, की कोणत्या अक्षरांचा संच सोशिकपणाबरोबर येतो ह्याचा हिशेब मांडता येतो. आणि तो हिशेब लावून, ज्याने रोग कधी पाहिलाही नाही अशा सोवळ्या भावंडाची योग्यता आधीच वर्तवता येते. ह्याला पत्रिका म्हणावे की नाही, हे वाचकांनीच ठरवावे. भाकीत चुकले तर इथे ज्योतिषाला हिशेब सुधारावा लागतो.

अक्षरे वाचण्याचे कामही सोपे नव्हते. व्हनामीचा संपूर्ण जनुकसंच चीनमधल्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सुमारे पंचवीस हजार जनुके आहेत. पण जवळजवळ पाव भाग असा आहे की तीच दोन-चार अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. रामनाम लिहिलेली जपाची वही फाडून तिची पाने विस्कटावीत आणि कोणते पान कुठले ते ओळखायला सांगावे, तसा हा प्रकार. तो सुटायला वर्षे लागली.

देव सगळे एका हाताने देत नाही

आता वाटेल की सोशिक कोलंबी तयार झालीच. तसे नाही. हवाईतल्या पैदाशीचा जो अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ताउरा रोगाला टिकण्याचा गुण आणि जलद वाढण्याचा गुण एकमेकांच्या विरुद्ध जाताना आढळले. पांढऱ्या ठिपक्यांबाबत तर सोशिकपणाचा आनुवंशिक वाटाच थोडा असतो. शेतकऱ्याला चार महिन्यांत भरलेली कोलंबी हवी. आणि टिकाऊ कोलंबी बहुधा रेंगाळते. कोणता गुण किती घ्यायचा, हा प्रश्न मग प्रयोगशाळेचा राहत नाही. ज्याचे कर्ज डोक्यावर आहे त्याचा होतो.

“मग लस का नाही टोचत?” असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न अगदी रास्त आहे. पण आपल्या रक्तात रोगाची आठवण ठेवणारी प्रतिपिंडे असतात, तशी कोलंबीत नसतातच. २००४ पासून एक निराळा मार्ग दिसू लागला. विषाणूच्याच मजकुराची दुपदरी आरएनए प्रत कोलंबीला टोचली, तर तिच्या पेशी तो मजकूर ओळखून कापून टाकतात. हे तत्त्व सूत्रकृमीत दाखवल्याबद्दल फायर आणि मेलो ह्यांना २००६ मध्ये नोबेल मिळाले. प्रयोगशाळेत कोलंबी ह्या उपायाने वाचते. तळ्यातल्या पाच लाख कोलंब्यांना सुई टोचणार कोण, एवढेच उरते! खाद्यातून ती प्रत देण्याची खटपट चालू आहे.

इथे गृहिणींच्या मनातल्या एका शंकेचे निरसन करतो. वर सांगितलेली सारी सुधारणा निवडीची आहे. आपण बी-बियाणे निवडतो तशी. जनुक बाहेरून घालून बनवलेली कोलंबी आपल्या बाजारात नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू माणसाला बाधत नाही. बाधा होती ती घाबरलेल्या शेतकऱ्यांनी तळ्यांत ओतलेल्या प्रतिजैविकांची. २००० नंतरच्या वर्षांत युरोपने त्यापायी माल परत पाठवला. विषाणूवर तर ती औषधे चालतच नाहीत. बिजाचा खरा दाखला हाती आला, तर असल्या औषधांचा मोहही कमी होतो.

माहेर कुठले?

एक गोष्ट मात्र मला बोचते. आपल्या तळ्यांतल्या व्हनामीचे माहेर परदेशात आहे. उत्तम आई विमानाने येते, आणि तिची वंशावळ विकणाऱ्याच्या कपाटात राहते. उद्या ती वाट काही कारणाने बंद झाली, तर आंध्रपासून पालघरपर्यंतच्या तळ्यांचे काय? आणि वाचलेल्या कोलंबीची घरगुती पैदास केली, तर सगोत्राचा आणि रोगाचा धोका आहेच.

आपल्याच समुद्रातली एक पांढरी कोलंबी आहे, पिनियस इंडिकस. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने तिच्या जनुकसंचाची मांडणी केली आहे, आणि २०२३ मध्ये तिच्या आनुवंशिक सुधारणेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आपल्या मुंबईतही वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ पासून आहे. तिथून बाहेर पडलेली मुलेमुली आज देशभरच्या अशा प्रयोगशाळांत आहेत. व्हनामीला जिथे पोहोचायला तीसहून अधिक वर्षे लागली, तिथे हिला दोन-चार वर्षांत पोहोचता येणार नाही. पैदाशीच्या कामात पिढ्या मोजाव्या लागतात, आर्थिक वर्षे नाहीत.

आमचे मेहुणे आता सत्तरीकडे झुकले. तळी त्यांचा मुलगा पाहतो. त्याने पाणी घेण्याचे तळे वेगळे केले आहे. ते क्लोरीन घालून आठवडाभर बसवल्याशिवाय कोलंबीला मिळत नाही. बांधाभोवती खेकड्यांसाठी जाळी आहे, वर पाखरांसाठी दोऱ्या. बीज येण्याआधी तो स्वतःच्या खर्चाने दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून घेतो. खाडीकाठच्या नऊ जणांनी मिळून एक नियम केला आहे: ज्याच्या तळ्यात रोग पडेल त्याने त्याच दिवशी इतरांना कळवायचे, आणि पाण्याचा विषाणू मारल्याशिवाय एक थेंब खाडीत सोडायचा नाही. गेल्या हंगामात एकाच्या तळ्यात ठिपके दिसले. त्याने सकाळी नऊला सर्वांना कळवले, आठ जणांनी पंप बंद केले, आणि आठही तळी वाचली.

त्या एकाचे नुकसान बाकीच्यांनी थोडेथोडे वाटून घेतले. हा गुण मात्र कोणत्याही जनुकात सापडायचा नाही. तो ज्याचा त्याने जोपासायचा असतो.